‘उगें अस’ म्हणालात, त्याबद्दल

मामंजी, तुम्ही जाऊन अजून महिना झाला नाही आणि तुमच्या शेवटच्या दोन शब्दांवरून घरात भांडण लागलं आहे. ऐकून तुम्हांला बरं वाटेल. जन्मभर म्हणत आलात की आपली ही तंजावरची मराठी कुणाच्या कामाची नाही, चार भिंतींत बोलायची आणि जाताना आपल्याबरोबर न्यायची. आता बघा. तुमची बहीण, तुमचा मुलगा, तुमची नात आणि मी तुमची सून, असे चौघं मद्रासमधल्या पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती बसून ‘उगें अस’ या दोन शब्दांचा अर्थ लावतोय आणि एकाचा अर्थ दुसऱ्याला पटत नाही.

वॉर्डातली ती दुपार तुमच्या बाजूने काय होती, मला माहीत नाही. माझ्या बाजूने सांगते. कमळाआत्या त्याच सकाळी कुंभकोणमहून आल्या होत्या आणि तुमच्या पायांवरची चादर सारखी नीट करत होत्या. तुमच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, त्यामुळे आवाज लांबून आल्यासारखा यायचा. तुम्ही मला विचारलंत, “इंटरव्यू कधीं?” मी म्हटलं, “ते राहू द्या आता. मी कळवते विद्यापीठाला, यंदा एम.ए. जमत नाही म्हणून. पुढच्या वर्षी बघू.” बोलता बोलता मला रडू आलं होतं. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, “उगें अस.” मग डोळे मिटून घेतलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने आम्हांला बाहेरच्या बाकावरून आत बोलावलं, तोवर सगळं संपलं होतं.

कमळाआत्यांच्या मते अर्थ सरळ आहे. “उगें अस म्हटलान् ना माझ्या भावानं? म्हणजे स्वस्थ घरांत अस. त्या कॉलेजाचा नाद सोड. शेवटचं बोलणं आहे तें, मोडूं नये.” रघू म्हणतो, तसं काही नाही, बाबा म्हणाले निवांत राहा, काळजी करू नकोस. अनघा बारावीची परीक्षा देऊन बसली आहे, तिला मराठीपेक्षा तमिळ जवळची. ती म्हणते, “अम्मा, तात्ता ‘सुम्मा इरु’ असं म्हणाले. आणि सुम्मा इरुचा अर्थ टोनवर असतो.” टोन कसा होता, ते सांगणारा माणूस मात्र निघून गेला आहे.

मला विचाराल तर तुम्ही मला गप्प केलंत. इंटरव्यू रद्द करते असं जे बडबडत होते, ते बंद कर म्हणालात. पण हा अर्थ माझ्या सोयीचा आहे, हे मलाही कळतं.

आपली ओळखच या शब्दाने झाली होती, आठवतं? मी मिरजेहून नोकरीसाठी मद्रासला आले, ते इथल्याच एका आयटी कंपनीत. रघू माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. त्याच्या खुर्चीमागच्या पाटीवर ‘राव’ लिहिलं होतं. मी त्याला तेलुगू समजले आणि सहा महिने त्याच्याशी इंग्रजीत बोलले. एक दिवस तो फोनवर आईला म्हणाला, “जेवलीस की? मी येऊलोंहें, उशीर होणार.” मी माझं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिले. असं मराठी मी ऐकलं नव्हतं, पण ते मराठी होतं यात शंका नव्हती.

मग त्याने मला मद्रासजवळच्या आवडी या गावी आणलं. तुम्ही तेव्हा संरक्षण खात्याच्या कारखान्यात प्लॅनिंग सेक्शनला होतात, क्वार्टर्समध्ये राहत होतात. तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, “ये. उगें बैस.” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी अजून एक शब्द बोलले नव्हते आणि हा माणूस मला गप्प बस म्हणतो. आमच्याकडे रडणाऱ्या मुलाला उगी उगी म्हणतात. बिनकामाचं काही केलं तर उगीच केलं म्हणतात. मी त्या वेताच्या खुर्चीत ताठ बसले आणि संध्याकाळभर हो-नाहीपलीकडे बोलले नाही. सासूबाई तेव्हा होत्या, त्यांनी केलेली आंबटी, म्हणजे आमच्याकडची आमटीच, मात्र दोनदा वाढून घेतली. आम्ही निघाल्यावर तुम्ही रघूला फोनवर सांगितलंत, पोरगी बरी आहे, पण फार अबोल. परतीच्या गाडीत रघूने मला सांगितलं की ‘उगें बैस’ म्हणजे आरामात बस, परकं वाटून घेऊ नकोस. मी इतकी हसले की डब्यातल्या बायका वळून बघायला लागल्या.

पुढे वीसेक वर्षांत मी अबोल नाही, हे तुम्हांला चांगलंच कळलं.

इतिहास शिकायचं मी जाहीर केलं तेव्हा माझ्या माहेरचे हसले. माझी बी.एस्सी. संख्याशास्त्राची, अर्धं आयुष्य सॉफ्टवेअर तपासण्यात गेलेलं, आणि चाळिशी ओलांडल्यावर म्हणे इतिहासात एम.ए. आणि मग डॉक्टरेट. भाऊ म्हणाला, “आता? उगीच?” रघू ‘कर की’ म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर घराचा हप्ता दिसत होता. अनघाने हात जोडून सांगितलं, “कुठेही जा, फक्त मी जाईन त्या कॉलेजात येऊ नकोस.” सगळ्यांनी विचारलं, कशाला. तुम्ही एकट्याने ते विचारलं नाही. तुम्ही ताटातला ताकभात संपवलात, हात धुऊन आलात आणि विचारलंत, “डॉक्टरेट कधीं पाहिजे?”

मी म्हटलं, “पाहिजे म्हणजे? आधी एम.ए. तर होऊ दे.”

“तसं नसतं. कारखान्यांतून गाडी कधीं बाहेर पडायची ती तारीख आधीं. मग मागं मागं यायचं.” असं म्हणून तुम्ही ओट्यावरून मसाल्याचा डबा आणलात आणि त्यातल्या वाट्या काढायला लागलात. मोहरीची वाटी टेबलाच्या पार टोकाला ठेवलीत. ती डॉक्टरेट. तिच्या अलीकडे उडदाच्या डाळीची, ती संशोधनाची वर्षं. तिच्या अलीकडे जिरं, म्हणजे मार्गदर्शक मिळवणं आणि पीएच.डी.ला प्रवेश. त्याच्या अलीकडे मेथी, ती पात्रता परीक्षा. “कडू आहे, पण घालावीच लागते,” म्हणालात. मग लाल मिरच्या म्हणजे एम.ए. आणि सगळ्यांत अलीकडे, माझ्या हाताशी, हळद. “ही आजची. आज काय करणार सांग.”

मी वर्षभर माहितीपत्रकं वाचत होते, कुठलं विद्यापीठ, कुठला अभ्यासक्रम, टपालाने करावं की वर्गात बसून, नोकरी ठेवावी की सोडावी, आणि दर आठवड्याला नवा निर्णय घेत होते. आज काय करायचं हे कधी ठरवलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात, “तमिळ वाचतां येतं तुला?” मी म्हटलं, बसच्या पाट्या येतात. “मद्रासेंत इतिहास करणार आणि बसच्या पाट्या वाचणार. उद्यां सकाळीं पेपर घेऊन बैस.”

तेव्हापासून रोज सकाळी आपण दोघं बाल्कनीत बसायचो. मी तमिळ पेपर मोठ्याने वाचायचे आणि मी अडखळले की तुम्ही टेबलावर बोट आपटायचात. रविवारी मी मोडी शिकायचे, कॉम्प्यूटरवरून, सातारच्या एका निवृत्त बाईंकडून. तुमच्या आजोबांना मोडी येत होती, तुम्हांला नाही. माझी पानं तुम्ही उलटी धरून बघायचात आणि म्हणायचात, “ह्यांत एक काना कुठें दिसत नाही.” एम.ए. टपालाने करायचं नाही, हे तुम्ही ठरवलंत. दुसऱ्या वर्षी प्रबंधिका लिहावी लागते असाच अभ्यासक्रम घ्यायचा, हेही तुम्हीच. “पोस्टानं पुस्तकं येतात, गुरु येत नाही. उद्यां कोणीं विचारलं, ह्या बाईला काम करतां येतं का, तर हो म्हणणारा एक तरी माणूस पाहिजे.” मला प्रवेशाच्या गोष्टी समजावून सांगणाऱ्या कितीतरी वेबसाइट होत्या, मामंजी. इतकं साधं कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मी कधी घाबरले की गुम्मिडिपूंडीची गोष्ट निघायचीच. तिथल्या कुणा पुरवठादाराकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, वेळेवर आलं नाही की कारखान्यातले तरुण इंजिनिअर सगळी योजनाच फाडून नवी करायला निघायचे. तुम्ही त्यांना सांगायचात तेच मला सांगितलंत. “उशीर झाला तर मधल्या वाट्या सरकव. शेवटची उचलूं नोको.”

इथवर आपलं जमलं. बिनसलं ते विषयावर.

तुमचं म्हणणं, राजांचं कर. तंजावरच्या मराठी राजांनी देवळं बांधली, ग्रंथ जमवले, नाटकं लिहिली, वैद्यकी केली. त्यांच्यावर कर, लोक ऐकतील. मी म्हणत होते, राजांवर पुष्कळांनी केलं आहे. मला त्यांच्या कचेरीत बसून ते कागद लिहिणाऱ्यांचं करायचं आहे. राज्य गेलं तेव्हा ती माणसं कुठे गेली? कुणी इंग्रजांच्या कचेरीत गेलं, कुणी रेल्वेत, कुणी मद्रासच्या शाळांत आणि बँकांत, आणि एक जण आवडीच्या कारखान्यात. घरात मराठी आणि दारात तमिळ ठेवून ती दोन-तीनशे वर्षं कशी राहिली? तुमचा चेहरा आंबला.

“आम्ही गुमास्ते, मेधा. लिहिणाऱ्यांचा इतिहास नसतो. आम्हीं दुसऱ्यांचा लिहायचा.”

“म्हणूनच करायचा.”

“कोणीं वाचणार नाही. वाचलं तर हसतील.”

हसतील. या एका शब्दापाशी तुम्ही पुन्हा पुन्हा येऊन थांबायचात आणि मला कळायचं नाही, का. एका सकाळी पेपर वाचून झाल्यावर तुम्ही पुण्याची गोष्ट सांगितलीत. तरुणपणी कारखान्याने ट्रेनिंगला पाठवलं होतं. स्टेशनबाहेर आलात आणि दुकानांच्या पाट्या मराठीत बघून तुमचे डोळे भरून आले. घरातली भाषा रस्त्यावर लिहिलेली तुम्ही पहिल्यांदा पाहत होतात. एका खानावळीत गेलात, आपल्या मराठीत जेवण मागितलंत, मालकाशी दोन शब्द हौसेने बोललात. आणि तो कौतुकाने म्हणाला, “मद्रासी का? छान शिकलात की मराठी.” बाकीची टेबलं हसली. वाईट कुणाच्या मनात नव्हतं, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. पण ट्रेनिंग संपेपर्यंत तुम्ही तिथे इंग्रजीत बोललात, आणि परत आल्यावर उंबऱ्याबाहेर कधी मराठीचा शब्द काढला नाहीत. शेजाऱ्यांनी विचारलं, राव म्हणजे तेलुगू ना, की तुम्ही मान डोलवायचात.

मी त्या दिवशी चिडले. त्या खानावळवाल्यावर चिडले, आणि तुमच्यावरही. मी म्हटलं, “ज्यानं तीनशे वर्षं जपून ठेवली त्यानं गप्प बसायचं, आणि ज्याला आयती मिळाली त्यानं शाबासकी द्यायची? हेच मी लिहिणार.” तुम्ही पेपरची घडी केलीत आणि म्हणालात, “लिही. पण मला धरूं नोको त्यांत.”

नंतर कितीदा तरी मी तो विषय काढला. तुमच्या आईची भाषा, तुमच्या आजोबांची नोकरी, तुमच्या लग्नातली गाणी मला नोंदवून घ्यायची होती. तुम्ही सगळं सांगायचात, हसत सांगायचात, आणि शेवटी तेच वाक्य. मला धरू नको. एकदा मी हट्टाला पेटले तेव्हा मोहरीच्या वाटीकडे बोट दाखवून म्हणालात, “ती येईस्तोंवर मी असणार का? हिशोबाला मी नाहीच. मग धरतेस कसाला?” मी उठून भाजी चिरायला गेले. आपला वाद तिथेच थांबला आहे, तुम्ही भिंतीला टेकून बसलेले आणि मी पाठमोरी.

तुम्ही गेलात आणि इंटरव्यूची तारीख दहाव्याच्या आदल्या दिवसावर येऊन पडली. सुतक चालू, घरात पाहुणे, तुमच्या नावाने दिवा. पुढे ढकलता येतो का, म्हणून विद्यापीठात फोन केला. पलीकडची मुलगी भली होती, पण म्हणाली, मॅडम, त्याच दिवशी या, नाहीतर पुढच्या वर्षी. कमळाआत्यांनी हे ऐकलं आणि त्यांचा पारा चढला. “सुतकांत उंबरा ओलांडणार? आणि कसाला, तर परीक्षा द्यायला? वर्षभर ह्या घरांत नवीन काहीं होत नाही. त्यानं तुला उगें अस म्हटलान्, हें मीं ह्या कानांनीं ऐकलं.” जमलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. रघू म्हणाला, “तू जा, आत्याला मी बघतो,” आणि आत्यांनी त्याच्याकडे पाहिल्याबरोबर बाथरूममध्ये गेला.

मी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. मला राग आला होता. तुम्हांला जाळून आले होते आणि तुमच्याच शब्दाने मला कुणी घरात बांधू पाहत होतं. मी आत्यांना म्हटलं, “तुमच्या भावानं ती वाटी शेवटची म्हणून ठेवली आहे. मी ती उचलणार नाही. पाप लागलं तर मला लागू द्या.” आत्यांना वाटीचं काही माहीत नव्हतं. त्या अनघाला म्हणाल्या, हिला दुःखानं भ्रम झाला आहे. मी आंघोळ करून, जुनी सुती साडी नेसून, अनघाच्या स्कूटरवर मागे बसून गेले. स्टेशनवर उतरले तेव्हा तिने हेल्मेट काढून विचारलं, “अम्मा, पेन घेतलंस?”

इंटरव्यूच्या टेबलापलीकडे तिघं होते. त्यातल्या वयस्कर प्राध्यापकांनी चष्म्यावरून बघत आपल्या वादातलाच प्रश्न विचारला. तंजावरच्या मराठ्यांवर पुष्कळ काम झालं आहे, तुमचं नवीन काय? मी म्हटलं, झालंय ते राजांवर. मला त्यांच्या लेखनिकांवर करायचंय. एम.ए.च्या प्रबंधिकेत एका पिढीपुरतं करीन, मोडी आणि तमिळ पक्कं करीन, आणि डॉक्टरेटला सगळी साखळी घेईन. त्यांनी विचारलं, साधनं काय? मी म्हटलं, त्यांनीच लिहिलेले कागद, फक्त आता मजकुराबरोबर लिहिणाऱ्याकडेही बघायचं. आणि त्यांची घरातली भाषा. “बोली?” ते म्हणाले, “बोलीतून इतिहास कसा काढणार?” त्यांच्या शेजारच्या तरुण बाईंनी मला सांगितलं, एक उदाहरण द्या.

मी दुसरं काहीतरी सांगायला हवं होतं. पाठ केलेली चार-पाच उदाहरणं होती. तोंडून निघालं ते ‘उगें’.

मी सांगितलं की जुन्या मराठीत हा शब्द शांत, स्तब्ध अशा अर्थाचा होता. महाराष्ट्रात त्याचे तुकडे झाले. उगीच म्हणजे कारण नसताना, आणि उगी म्हणजे रडू नको. इथल्या एका मराठी घरात तो शब्द अख्खा राहिला, पण शेजारच्या तमिळ ‘सुम्मा’च्या मांडीवर जाऊन बसला. सुम्माचे सगळे अर्थ त्याने घेतले, गप्प, रिकामा, निवांत, मोकळा. कोण कुठून निघालं, केव्हा निघालं आणि कुणाच्या शेजारी जाऊन राहिलं, हे त्या एका शब्दात आहे. त्या तरुण बाई हसल्या आणि म्हणाल्या, माझी आजी दिवसभर मला सुम्मा इरु म्हणते, आणि दर वेळी अर्थ वेगळा. मग वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, “हा शब्द वापरणारं कुणी अजून आहे का?”

“माझे सासरे वापरायचे,” मी म्हटलं. “गेल्या आठवड्यापर्यंत.”

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी तुम्हांला धरलं, मामंजी. तुम्ही नको म्हणत असताना, तुमचा दिवा घरात जळत असताना, तीन परक्या माणसांसमोर धरलं. आणि एक सांगते. कुणी हसलं नाही.

घरी आले तर आत्या दारातच होत्या. मी आंघोळ करून आले तोवर ताट वाढून ठेवलं होतं. मी अर्धी जेवल्यावर त्या समोर बसल्या. “काय विचारलान् त्यांनीं?”

“उगें म्हणजे काय, ते विचारलं.”

“हें?” आत्यांचा विश्वास बसेना. “एवढ्याला कॉलेज पाहिजे?” मग जरा वेळाने, कुणी न विचारता, त्या आपणहून सांगायला लागल्या. तुमची आई म्हणे दह्याला विरजण लावलं की पोरांना ओरडायची, तें उगें ठेवा, हात लावूं नोका. वारा नसला की म्हणायची, दिवा उगें आहे. कडेवरचं लेकरू झोपलं की म्हणायची, उगें झालं. मी जेवता जेवता ऐकत होते आणि डाव्या हाताने फोनवर सगळं रेकॉर्ड करत होते. आत्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी फोनकडे पाहिलं, पदर नीट केला आणि जरा मोठ्याने बोलायला लागल्या. मला धरू नको असं त्या म्हणाल्या नाहीत. उठताना मात्र हेका सोडला नाहीच. “पण तुला घरांत अस म्हटलान्, तें खरंच.”

प्रवेशाची यादी अजून लागलेली नाही. लागली आणि माझं नाव त्यात असलं, तर मी नोकरी सोडणार आहे. रघूशी बोलणं झालंय, तो आता हप्त्याचं तोंड करत नाही. नाव नसलं, तर मिरच्यांची वाटी एक वर्ष पुढे सरकेल आणि मोडीला जास्त वेळ मिळेल. मोहरीची वाटी मी टेबलाच्या टोकाला ठेवली आहे. फोडणी करताना तिथवर जावं लागतं, आत्या दर वेळी कुरकुरतात, पण वाटी उचलून परत डब्यात ठेवत नाहीत.

सकाळी बाल्कनीत मी एकटीच पेपर वाचते. मोठ्याने वाचते. अडखळते तिथे थांबते, टेबलावर बोट आपटलं जायची वाट बघते, आणि मग मला रडू येतं. तुम्ही गेलात हे मला अजून मान्य नाही. इतकी वर्षं मला वडील या गावात नव्हते आणि एका माणसाने मसाल्याच्या वाट्या मांडून ती उणीव भरून काढली, याबद्दल मी तुम्हांला एकदाही काही म्हटलं नाही. आपल्याकडे तसं म्हणायची पद्धत नाही म्हणून राहून गेलं. आता म्हणते. तुमच्यामुळे माझ्या हाताशी रोजची वाटी आहे.

तुम्हांला काय म्हणायचं होतं, ते मला कधीच कळणार नाही. अर्थ लावायचा माझा हक्क मी आत्यांना देणार नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हांलाही नाही. घरात बस म्हणाला असाल, तर मी उंबरा ओलांडून आले. माझ्याबद्दल तेवढं गप्प राहा, मला धरू नको म्हणाला असाल, तर प्रबंधाचं पहिलं पान तुमच्यापासून सुरू होणार आहे, पहिल्याच वाक्यात खानावळ आहे आणि तुमचं मराठी तसंच्या तसं आहे. गप्प बस म्हणाला असाल, तर ते मला पहिल्या दिवशीही आवडलं नव्हतं. आणि रडू नको म्हणाला असाल, तर तेही एवढ्यात जमणार नाही.

मामंजी, मी उगी राहणार नाही.